व्हिक्टोरियाच्या काळातल्या लंडनच्या पोलिसाचा माग काढायचा असेल तर: निघण्यापूर्वीची तयारी

पदक हातात आलं की ते घासायला घेऊ नका. १८८७ आणि १८९७ ची लंडन पोलिसांची जुबिली पदकं, म्हणजे राणीच्या कारकिर्दीच्या पन्नाशीला आणि साठीला दिलेली पदकं, ब्राँझची आहेत. त्यांच्यावर चढलेला काळपट तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. पॉलिश लावून ती चकचकीत करायला गेलात तर कडेवरची अक्षरं झिजतील, आणि सुरुवातीला लागतं ते बहुतेक त्या कडेवरच आहे. भिंग घ्या, उजेड तिरका पाडा, पदक पूर्ण फिरवून वाचा. हुद्दा, नावाची आद्याक्षरं, आडनाव, विभागाचं अक्षर. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका, जसंच्या तसं उतरवा. फोटो काढा.

आता कडेवर काय नाही तेही बघा. वॉरंट नंबर नाही. पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे, आणि माझ्याकडून मागच्या वेळी तोच राहिला होता.

लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत माणसाला दोन नंबर असत. १८२९ मध्ये दल उभं राहिलं तेव्हापासून भरती होणाऱ्या प्रत्येकाला क्रमाने एक वॉरंट नंबर मिळे. तो एकदाच मिळे, नोकरी सुटेपर्यंत त्याचाच राही आणि नंतर दुसऱ्या कोणाला दिला जात नसे. दुसरा नंबर गणवेशाच्या कॉलरवरचा, विभागाच्या अक्षरासह: एच २३०, एस ११२ असा. आपल्याकडच्या बक्कल नंबरसारखाच. हा नंबर माणसाचा नसे, विभागाचा असे. बदली झाली की नवा मिळे आणि जुना मागून येणाऱ्या शिपायाच्या कॉलरवर चढे. वर्तमानपत्रं आणि कोर्टाची कागदपत्रं मात्र हाच कॉलरचा नंबर देतात, म्हणून हात आधी तिकडेच जातो. मी तेच केलं. साक्षी जुळवत गेलो, आणि एकाच नावाचे दोन शिपाई काही वर्षांच्या अंतराने एकाच विभागात होते हे लक्षातच आलं नाही. एकाचं लग्न आणि दुसऱ्याची पेन्शन असं एकच आयुष्य लिहून मी ते एका कुटुंबाकडे पाठवलं. त्यांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. ते परत मागणं फार जड गेलं.

तेव्हा वॉरंट नंबर आधी. जनगणना नंतर, वर्तमानपत्रं नंतर, वंशावळीची संकेतस्थळं तर त्याहून नंतर.

त्याआधी एकच खातरजमा करा: दल कोणतं? लंडनमध्ये दोन पोलीस दलं होती आणि आजही आहेत. मेट्रोपॉलिटन हे मोठं. जुन्या शहराच्या जेमतेम चौरस मैलापुरतं सिटी ऑफ लंडन पोलीस हे वेगळं, त्याचे कागदही वेगळे, आणि ते लंडनच्या स्थानिक अभिलेखागारात आहेत. दलाचं नाव पदकाच्या मागच्या बाजूला असतं. १८९७ चं पदक अग्निशमन दलाला आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सलाही दिलं गेलं, म्हणून मागची बाजू न वाचता पुढे जाऊ नका. माणूस लंडनबाहेरचा असेल तर त्या काउंटीच्या अभिलेखागाराला लिहा. तिथे काय टिकलं आणि काय गेलं हे दर ठिकाणी वेगळं आहे. आयर्लंडच्या पोलिसांचा शोध हा स्वतंत्र विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

मेट्रोपॉलिटन दलाचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'मेपो' (मेट्रोपॉलिटन पोलीस) या मालिकेत आहेत. इथे नीट लक्ष द्या, कारण नोंदवह्या सलग नाहीत. भरतीच्या नोंदवह्या १८३० ते १८५७ आणि पुन्हा १८७८ पासून पुढच्या आहेत. मधली वीसेक वर्षं त्यांत नाहीत. भरतीवेळच्या शपथेच्या वह्या १८६९ पासून मिळतात. दल सोडणाऱ्यांच्या नोंदवह्या १८८९ पासून, आणि पेन्शनचे कागद १८५२ पासून. म्हणजे १८६० मध्ये लागलेला आणि १८६७ मध्ये राजीनामा देऊन गेलेला शिपाई या चारही ठिकाणी सापडणार नाही. तो खोटा आहे असा त्याचा अर्थ नाही. उलट १८८७ चं पदक असलेला माणूस निदान त्या वर्षी नोकरीत होता, त्यामुळे त्याची पेन्शन किंवा दल सोडल्याची नोंद सापडण्याची आशा बरीच असते. पदक हातात असणाऱ्याला एवढा आधार मिळतो.

सगळ्यात भरलेला कागद म्हणजे सेवेचा दाखला. जानेवारी १८८९ ते नोव्हेंबर १९०९ या काळातले हे दाखले मेपो ४ मध्ये आहेत. जन्मतारीख, अंगलट, आधीचा धंदा, आधीच्या मालकाचं नाव, लग्न झालंय का, मुलं किती, डॉक्टरचा शेरा, कोणत्या तारखेला कोणत्या विभागात गेला, बढती कधी, पायउतार कधी, आणि नोकरी का सुटली. एवढं सगळं एका जागी, आणि वॉरंट नंबरसकट. हा दाखला मिळाला तर अर्धं काम झालं. नाही मिळाला तर मेपो २१ मधले पेन्शनचे कागद: वर्णन, जन्मठिकाण, जवळचे नातलग, नोकरीचा आढावा. १८९० च्या पोलीस कायद्याने पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन हा हक्क झाला. त्याआधी ती वरिष्ठांच्या मर्जीवर होती. म्हणून १८९० च्या अलीकडे-पलीकडे निवृत्त झालेल्या माणसाची तारीख वाचताना हा फरक मनात असू द्या.

शपथेच्या वह्यांत माणसाची सही असते. एकाच नावाचे दोघे समोर आले की ही सही सोन्याच्या मोलाची. चर्चच्या लग्नाच्या मूळ नोंदवहीतली सही तिच्याशेजारी ठेवून बघा. लग्नाच्या दाखल्याची सरकारी प्रत चालणार नाही, ती कारकुनाच्या हातची असते. मूळ नोंदवहीचं छायाचित्रच हवं. आणि वॉरंट नंबर क्रमाने दिले जात, म्हणून नंबरावरून भरतीचा काळ साधारण ठरवता येतो. एखादा नंबर आणि भरतीचं साल यांचा मेळ बसत नसेल तर थांबा. तो दुसरा माणूस आहे.

नंबर हातात आला? प्रत्येक कागदाच्या प्रतीवर वर लिहा. ज्या कागदावर तो नाही, तो कागद 'बहुतेक याचाच' अशा वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि पुरावा मिळेपर्यंत तिथेच राहू द्या. कंटाळा येईल, तरी करा.

पदकांकडे परत येतो. ज्याच्याकडे १८८७ चं पदक आधीच होतं, त्याला १८९७ मध्ये दुसरं पदक न देता फितीवर लावायची १८९७ ची पट्टी दिली गेली. म्हणून पट्टी असलेलं पदक म्हणजे दहा वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा नोकरीत. एकाच माणसाच्या नावाने १८८७ आणि १८९७ ची दोन स्वतंत्र पदकं कोणी विकत असेल तर खोलात जाऊन विचारा. १९०२ चं राज्याभिषेकाचं पदक सोबत असेल तर तो ऑगस्ट १९०२ पर्यंत तरी होता. राजा आजारी पडल्याने जूनमधला सोहळा ९ ऑगस्टला झाला. दीर्घ सेवेचं पदक शोधत बसू नका, ब्रिटनमध्ये पोलिसांसाठी ते १९५१ मध्ये आलं. किंग्ज पोलीस मेडल १९०९ चं. व्हिक्टोरियाच्या काळात शौर्य दाखवलेल्या शिपायाला बहुतेकदा रोख बक्षीस आणि शाबासकी मिळे. ती दलाच्या रोजच्या आदेशांत, म्हणजे मेपो ७ मध्ये, सापडू शकते. बदल्या, बढत्या, शिक्षाही तिथेच. टेम्समधून कोणाला बाहेर काढलं असेल तर जीव वाचवणाऱ्यांचा गौरव करणाऱ्या रॉयल ह्यूमेन सोसायटीकडे विचारा.

सैन्याचं पदक सोबत असेल तर वेगळी वही करा. सैन्यातून सुटून पोलिसांत आलेले पुष्कळ होते, आणि इथे आपल्याकडचा धागा लागतो. दुसऱ्या अफगाण युद्धात, २७ जुलै १८८० ला मैवंदला ब्रिटिशांच्या ६६ व्या पायदळ पलटणीशेजारी आपल्याकडच्या बॉम्बे ग्रेनेडिअर्स आणि जेकब्स रायफल्स लढल्या. त्या लढाईची पट्टी कधीच निघाली नाही, म्हणून ६६ व्या पलटणीच्या माणसाचं बिनपट्टीचं अफगाणिस्तान पदक पाहून 'हा मागेच राहिला असेल' असं लिहू नका. सैन्याचा नंबर पदकाच्या कडेवर असतो. पदकांच्या याद्या क्यूलाच डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) १०० मध्ये, सेवेचे कागद डब्ल्यूओ ९७ मध्ये. पण या माणसाचा सैन्यातला नंबर आणि पोलिसातला वॉरंट नंबर जोडणारा कागद हवाच. आधीच्या सरकारी नोकरीची नोंद सेवेच्या दाखल्यात असते, ती बघा. नाव सारखं आहे एवढ्यावर जोडू नका.

एच म्हणजे व्हाइटचॅपल. १८८८ च्या 'जॅक द रिपर'च्या खुनांमुळे या अक्षराला पदकांच्या बाजारात भलताच भाव आहे. विभागात शेकडो माणसं होती, आणि खुद्द १८८८ साली आपला माणूस कुठे होता हे बदल्यांच्या नोंदीशिवाय कळत नाही. पदक १८८७ चं आहे, पुढच्याच वर्षी त्याची बदली झालेली असू शकते. त्या बळींपैकी कॅथरीन एडोजचा खून तर सिटी पोलिसांच्या हद्दीत झाला. पुरावा नसताना रिपर प्रकरणाचं नाव आपल्या माणसाला चिकटवणं हा त्याच्यावर आणि खून झालेल्या त्या बायकांवरही अन्याय आहे. नका करू.

यानंतर कॉलर नंबर वापरायला हरकत नाही, तारखा जुळवून. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तांत १९१३ पर्यंतचे फुकट वाचता येतात, आणि तिथे शिपाई स्वतःच्या तोंडून बोलतो. लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथच्या माणसांनी १८९७ ते १९०० या काळात पोलिसांसोबत गल्लीगल्ली फिरून लिहिलेल्या वह्याही खुल्या आहेत. सोबतच्या पोलिसाचं नाव आणि त्याची मतं त्यांत येतात. तुमचा माणूस तिथे सापडला तर इतर कुठे मिळणार नाही इतका जिवंत भेटेल.

जनगणना १८८१, १८९१, १९०१. अविवाहित शिपाई सेक्शन हाउसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या वसतिगृहात, एकत्र राहत, तिथे घर शोधू नका. मूल पेंब्रोक, पोर्ट्समथ किंवा डेव्हनपोर्टला जन्मलेलं दिसलं तर दचकू नका. १८६० पासून नौदलाच्या गोद्यांवर मेट्रोपॉलिटन पोलिसांचाच पहारा होता. वॉरंट नंबर जुळतोय ना, तेवढं बघा.

वर्तमानपत्रं: नाव, विभाग, साल एकत्र टाकून शोधा. मृत्युपत्र असेल तर उत्तम.

क्यूला जायचं तर रीडर्स तिकीट (मूळ कागद बघण्याचा परवाना) लागतं, त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. कागद आधी मागवून ठेवा, उघडण्याचे वार तपासा. पेन्सिल न्या, पेन आत नेता येत नाही. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे नाहीत. प्रत्येक फोटोच्या आधी मेपोचा संदर्भ क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढा. भारतातून करत असाल तर पेन्शनच्या नोंदी आधी वंशावळीच्या संकेतस्थळावर बघा, उरलेल्यासाठी प्रती मागवता येतात. कुटुंबाला काही पाठवायचं ते सगळ्यात शेवटी, आणि 'बहुतेक याचाच' ही फाइल वगळून.