टेसा वुल्लार्टची कारकीर्द आणि मुलीला फुटबॉलपटू व्हायचं असेल तर

मुलगी फुटबॉल चांगलं खेळते, दहावी-बारावी जवळ आली आहे आणि ती म्हणते, मला हेच करायचंय. पुढे काय? हा प्रश्न पुण्याहून, कोल्हापूरहून, मडगावहून नात्यातले आणि ओळखीतले लोक मला वरचेवर विचारतात. कारण मी शिकायला म्हणून बेल्जियममधल्या ल्यूव्हनला आले, इथेच राहिले आणि आता सुट्टीच्या दिवशी इथल्या एका छोट्या क्लबमध्ये मुलींच्या सरावाला मदत करते. उत्तर देताना मी नेहमी टेसा वुल्लार्टची वाटचाल सांगते. बेल्जियमची ती कर्णधार, आणि देशासाठी सगळ्यात जास्त गोल केलेली खेळाडू. तिच्या खात्यावर ९० हून जास्त आंतरराष्ट्रीय गोल आहेत.

अमेरिका, जर्मनी, स्पेन इथल्या मोठ्या खेळाडूंची उदाहरणं आपल्या कामाची नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सगळी व्यवस्था आधीच उभी आहे. बेल्जियम हा सव्वा कोटीहूनही कमी वस्तीचा देश. इथली महिला लीग आजही बरीचशी अर्धव्यावसायिक आहे, म्हणजे अनेक जणी दिवसा नोकरी किंवा कॉलेज करून संध्याकाळी सरावाला येतात. महिला संघ अजून एकदाही विश्वचषकाला पोचलेला नाही. अशा ठिकाणाहून निघून एक मुलगी युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांपर्यंत कशी गेली, हे भारतातल्या मुलीने बघण्यासारखं आहे.

टेसाचा जन्म १९ मार्च १९९३ चा, बेल्जियमच्या वेस्ट फ्लँडर्स प्रांतातल्या टील्ट गावचा. २००८ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती झुल्ते वारेगेम क्लबच्या महिला संघात आली आणि २०११ मध्ये, अठराव्या वर्षी, देशाकडून खेळली. ही तीन वर्षं मला सगळ्यात मोलाची वाटतात. कुठलाही मोठा क्लब नाही, घरापासून फार लांब नाही, पण मोठ्या बायकांबरोबर दर आठवड्याला खरे सामने. पंधरा-सोळाच्या वयात मुलीला झगमगीत अकादमीच्या जर्सीपेक्षा मैदानावरचे मिनिटं जास्त हवे असतात, आणि आपल्याकडचे पालक नेमके इथेच उलटं करतात. नावाजलेल्या अकादमीची भरमसाट फी भरतात आणि मुलगी वर्षभर फक्त प्लास्टिकच्या शंकूंमधून चेंडू नेत राहते.

त्याआधीच्या वयाबद्दलही थोडं सांगते, कारण मी स्वतः काम करते ते याच वयोगटात. इथे लहान मुलं-मुली एकत्र खेळतात. अगदी चिमुकले दोनास दोन किंवा तिनास तीन, मग पाचास पाच, मग आठास आठ, आणि तेरा-चौदाच्या पुढे कुठे अकरा जणांचा पूर्ण संघ. छोट्या गटांत गुणतालिका ठेवत नाहीत. पाचास पाचमध्ये लपायला जागाच नसते, चेंडू सारखा पायाशी येतो, सारखं ठरवावं लागतं. मोठ्या मैदानावर अकरा-अकरा पोरं सोडली की दोन धटिंगण पळत राहतात आणि बाकीची बघत उभी राहतात. आपल्या गल्लीत, शाळेच्या अर्ध्या ग्राउंडवर चार-पाच जणी जमवून खेळणं हे कमी दर्जाचं मुळीच नाही. मुलांमध्ये खेळायची संधी मिळत असेल तर बारा-तेरा वर्षांपर्यंत नक्की खेळू द्या. वेग आणि अंगावर येणारा खेळ तिथे लवकर अंगवळणी पडतो.

पुढे टेसा २०१२ मध्ये अँडरलेख्तला आणि एका मोसमानंतर स्टँडर्ड लिएजला गेली, दोन्ही बेल्जियमचेच क्लब. तेव्हा बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोन देशांची मिळून एकच महिला लीग चालायची, बेनेलीग. २०१२ ला सुरू झाली, २०१५ ला बंद पडली. शेवटच्या, २०१४-१५ च्या मोसमात स्टँडर्ड विजेता ठरला आणि टेसा त्या संघात होती. म्हणजे बघा, बावीस वर्षांची खेळाडू विजेतेपद मिळवते आणि ती लीगच संपते. महिला फुटबॉलमध्ये हे सगळीकडे होत असतं. क्लब महिला संघ बंद करतो, प्रायोजक निघून जातो, स्पर्धेचं स्वरूप बदलतं. म्हणून एकाच क्लबच्या भरवशावर पाच-सहा वर्षांचा आराखडा कधीही आखू नका.

टेसाने तेव्हा जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गशी करार केला. तिथल्या तीन मोसमांत तीन जर्मन चषक, २०१७ आणि २०१८ ची दोन लीग विजेतेपदं, शिवाय २०१६ आणि २०१८ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात. दोन्ही वेळा फ्रान्सच्या लिओनकडून हार. यादी डोळे दिपवणारी आहे. पण त्याच संघात आक्रमणाला पेर्निले हार्डर, एवा पायोर, अलेक्सांड्रा पॉप, कॅरोलिन हान्सेन अशा खेळाडू होत्या. अशा ठिकाणी पहिल्या अकरात जागा कायमची कुणाचीच नसते. बेंचवर बसावं लागतं, शेवटची वीस मिनिटं मिळतात, कधी कडेला खेळवतात तर कधी मध्ये. टेसा कडेची आक्रमक, मुख्य स्ट्रायकर आणि तिच्या मागे राहून खेळ रचणारी अशा तिन्ही भूमिका निभावते. एकाच जागेवर हटून बसणाऱ्या खेळाडूला मोठ्या संघात टिकणं अवघड जातं. माझ्याकडच्या दहा-अकराच्या मुलींना मी सगळ्या जागांवर फिरवते, गोलरक्षणालाही उभं करते. आया कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

आणि याच काळात, म्हणजे परदेशात जागेसाठी झगडत असताना, २०१६ चा बेल्जियमचा महिलांसाठीचा पहिला ‘गोल्डन शू’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, तिला मिळाला. पुरुषांना हा मान १९५४ पासून दिला जातो. बायकांना तो मिळायला सहा दशकं लागली, याचा मला आजही राग येतो.

२०१८ मध्ये ती इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटीत गेली. २०१९ मध्ये तिथे लीग कप आणि एफए कप, दोन्ही जिंकले. एफए कपचा अंतिम सामना वेम्बलीवर वेस्ट हॅमविरुद्ध, ३-० असा. आणि मग २०२० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ती परत बेल्जियमला, अँडरलेख्तला आली.

या निर्णयावर मी मुद्दाम रेंगाळते. आपल्या मनात करिअर म्हणजे जिना असतो, एकदा वर गेलं की खाली उतरायचं नाही. इंग्लंडमधून बेल्जियमच्या लीगमध्ये परतणं म्हणजे घसरण, असं कुणीही म्हणेल. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता. वयाच्या ऐन भरात तिला दर आठवड्याला ९० मिनिटं मिळाली, आक्रमणाची सगळी सूत्रं तिच्या हाती आली. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदं तिने अँडरलेख्तबरोबर घेतली. नंतर २०२२ मध्ये ती नेदरलँड्समध्ये फॉर्च्युना सिटार्डला गेली, जिथे महिला संघ तेव्हा नुकताच उभा राहत होता. आणि २०२४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, इंटर मिलानने तिला घेतलं. २०२४-२५ च्या मोसमात इंटर इटलीच्या लीगमध्ये दुसरा आला. म्हणजे ‘खाली उतरलेली’ खेळाडू चार वर्षांत पुन्हा एका मोठ्या लीगच्या वरच्या टोकाला होती. खेळत राहिली म्हणून तिथे पोचली.

राष्ट्रीय संघाची गोष्ट याहून खडतर आहे. इथे संघाला ‘रेड फ्लेम्स’ म्हणतात. पहिली मोठी स्पर्धा २०१७ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची अजिंक्यपद स्पर्धा, नेदरलँड्समध्ये. नॉर्वेला २-० हरवलं, पण गटातूनच बाहेर. २०१९ च्या विश्वचषकाच्या प्लेऑफमध्ये स्वित्झर्लंडशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले, २-२ आणि १-१, आणि परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जातो या नियमाने बेल्जियम बाद. २०२१ मध्ये पात्रता फेरीत आर्मेनियाला तब्बल १९-० ने हरवलं, तरी २०२३ च्या विश्वचषकाआधी पोर्तुगालने २-१ ने वाट अडवली. मधल्या २०२२ च्या युरोमध्ये इटलीला नमवून पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि स्वीडनकडून भरपाई वेळेतल्या एका गोलाने हरले. २०२५ च्या युरोत स्पेनने ६-२ असा धुव्वा उडवला. चार दिवसांनी, गटातच बाद होणं ठरलेलं असताना, उरलेल्या सामन्यात याच बेल्जियमने पोर्तुगालला २-१ ने हरवलं. तिसऱ्याच मिनिटाला गोल कुणाचा? टेसाचा.

३१ ऑक्टोबर २०२३ ला नेशन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या लीगमध्ये, इंग्लंडचा संघ ल्यूव्हनच्या डेन ड्रेफ स्टेडियमवर आला होता. नुकताच विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला संघ. मी आमच्या क्लबच्या मुलींबरोबर गोलच्या मागच्या बाजूला होते. मध्यंतराच्या आधी टेसाने २-२ अशी बरोबरी साधली आणि ८५ व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. चेंडू तिनेच उचलला. ३-२. माझ्या शेजारची एक मुलगी, एरवी सरावात तोंडातून शब्द न काढणारी, रडत होती. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून म्हणाली, पेनल्टी मी मारते. माझ्या मते अशा मुलींना टीव्हीवरच्या दहा सामन्यांपेक्षा मैदानावरचा एक सामना जास्त देऊन जातो. महाराष्ट्र-गोव्यात महिलांचा कुठलाही चांगला सामना असेल तर मुलीला घेऊन जा. २०२२ चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने मडगावला आणि नवी मुंबईत झाले. असं काही पुन्हा आलं तर चुकवू नका.

आता थेट व्यवहाराचं. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार करता येत नाही. मोजके अपवाद आहेत. उदाहरणार्थ, आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर. हा नियम मुलांच्या संरक्षणासाठीच आहे. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीला ‘युरोपियन क्लबची ट्रायल’ मिळवून देतो म्हणून कुणी लाखभर रुपये मागत असेल, तर तिथेच थांबा. ओळखीतल्या एका कुटुंबाकडून असे पैसे घेतले गेले आणि हाती आलं फक्त एका मैदानावरचं आठ दिवसांचं शिबिर. खरा क्लब ट्रायलसाठी बोलावतो तेव्हा स्वतः लिहितो आणि त्याचा पत्ता-फोन तुम्हाला पडताळता येतो.

अठरापर्यंतची खरी वाट भारतातूनच जाते. जिल्हा, मग राज्य संघ, मग इंडियन विमेन्स लीग. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन यांच्याकडे मुलीची रीतसर नोंदणी झालेली असलीच पाहिजे. नोंदणीशिवाय खेळलेल्या सामन्यांना पुढे कुणी विचारत नाही. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, ती भारतात वर्षानुवर्षं गोल करून. पंजाबची मनीषा कल्याण गोकुलम केरळकडून खेळता खेळता २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडे गेली आणि महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. दोघींनीही लहान लीगपासून युरोप सुरू केला. मला हे योग्यच वाटतं.

शिक्षण सोडू देऊ नका. इथल्या राष्ट्रीय संघाच्या आसपासच्या मुलीही पदवी घेतात, कारण पगारावर भागेलच असं नसतं आणि गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही. एसीएल या गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याची) दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा बरीच जास्त होते, आणि सावरायला नऊ महिने ते वर्ष जातं. मी क्रीडाविज्ञान शिकले, त्यामुळे हे हात जोडून सांगते. बारा-तेराव्या वर्षापासून सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं उडी मारून नीट खाली येणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, एवढं करून घ्याच. प्रशिक्षक करून घेत नसतील तर घरी करा. फिफाने यासाठी तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा व्यायामक्रम फुकट मिळतो आणि त्याला फारशी साधनं लागत नाहीत.

आणि करार हातात येईल तेव्हा तो वकिलाला दाखवूनच सही करा. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, तेवढे महिने पगार चालू राहणार का, राहायची सोय क्लबची की तुमची, संघ बंद पडला तर काय, हे चारही कागदावर लिहून घ्या. बाळंतपणाबद्दल विचारायला मुलीने लाजू नये. २०२१ पासून फिफाच्या नियमानुसार किमान १४ आठवड्यांची रजा आणि त्या काळात करारातल्या पगाराच्या किमान दोन तृतीयांश रक्कम हा खेळाडूचा हक्क आहे.