गाडीच्या हँडलची ग्रिप (मुठीवरचं आवरण) बदलायची हाय? आधी हे बघून घ्या

पावसाळ्यात बेळगावहून खानापूर, चोर्ला घाट करणाऱ्यांनी ग्रिप नुसती रंग बघून घेऊ नका ओ, कारण ओल्या हाताखाली ग्रिप घसरली की एक्सलेटर आणि ब्रेक दोन्हीवरचा ताबा जातोय.

पहिलं माप. आपल्याकडच्या बहुतेक बाईकचं हँडल २२ मिमी जाड असतंय, काही मोठ्या क्रूझरचं २५.४. आणि दोन्ही ग्रिप सारख्या नसतात बरं का, उजवी एक्सलेटरच्या प्लास्टिक नळीवर बसते म्हणून तिचं भोक मोठं, डावी थेट हँडलवर म्हणून लहान, त्यामुळं जोडीच घ्या आणि जुनीची लांबी मोजूनच दुकानात जावा. हँडलच्या टोकाला वजन लावलेलं असेल तर टोक उघडी असलेली ग्रिपच लागणार.

फोमची हाताला मऊ लागते खरी, पण पाणी पिऊन बसते, आपल्या पावसाला मला ती अजिबात पटत नाही. खोल खाचांची रबरी ग्रिप घ्या. हात लहान असेल तर जाड ग्रिप नकोच, मुठी आखडतात.

बसवताना आत तेल, ग्रीस घालू नका, साबणाचं पाणी किंवा ग्रिपचा गोंद वापरा नि रातभर सुकू द्या. मग हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून एक्सलेटर सोडून बघा, झटकन मागं आला पाहिजे. अडकत असेल तर बहुतेक ग्रिप आतल्या बाजूला घासतीय, थोडी बाहेर सरकवा, तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.