प्रोसेसरसाठी वेगळा कूलर घ्यावा का? पैसे मोजण्यापूर्वीची तपासणी

नवा संगणक जुळवून घेताना प्रोसेसरच्या खोक्यातून तळहाताएवढा एक कूलर निघतो आणि त्याच्याकडे पाहून दुकानदार हमखास सांगतो, ‘हा आपल्या हवेत टिकायचा नाही, टॉवर कूलर घालून घ्या.’ (विदर्भातल्या वाचकांसाठी आधीच खुलासा: येथे कूलर म्हणजे खिडकीत बसवायचा वाळ्याचा कूलर नव्हे, प्रोसेसरवर बसणारा, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक आणि त्यावरचा पंखा; टॉवर कूलर हा त्याचाच उंच, उभा प्रकार.) दुकानदाराचा सल्ला कधी रास्त असतो, तर कधी त्या दीड-दोन हजारांत रॅम किंवा एसएसडी वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरते. यांपैकी आपली परिस्थिती कोणती, हे घरच्या घरी तासाभरात तपासता येते.

काहींच्या बाबतीत प्रश्न मुळातच उद्भवत नाही. इंटेलच्या कोअर आय५-१२६००केसारख्या ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरसोबत किंवा एएमडीच्या रायझन ५ ७६००एक्ससोबत कूलर येतच नाही, त्यामुळे तो घ्यावाच लागतो. खोक्याशिवाय विकल्या जाणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरचेही तसेच आहे. तो स्वस्त दिसतो, पण कूलरची किंमत मिळवून पाहिल्यावर पुष्कळदा फरक उरत नाही. खरा प्रश्न पडतो तो कोअर आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६०० यांसारखे मधल्या फळीतले प्रोसेसर घेणाऱ्यांना.

तपासणीसाठी एचडब्ल्यूइन्फो आणि सिनेबेंच हे दोन मोफत प्रोग्रॅम पुरेसे आहेत. संगणक सुरू करून पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा, खोलीचे तापमान टिपून ठेवावे, मग सिनेबेंचची सर्व कोरांची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनकेंद्रांची) चाचणी दहा मिनिटे चालवावी आणि त्या वेळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान, वेग आणि वॅट हे तीन आकडे पाहावेत. बहुतेकांची नजर तापमानावर खिळते, पण माझ्या मते निर्णय वेगाच्या आकड्यावर घ्यावा. १२४०० या प्रोसेसरचे सहाही कोर एकदम कामाला लागले की तो सुमारे ४ गिगाहर्ट्झवर चालायला हवा. दहाव्या मिनिटालाही तो तेथेच असेल आणि तापमान ८० अंशांच्या आसपास असेल, तर कूलर आपले काम चोख करतो आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे आणि रायझन ५ ५६००ची ९०. या मर्यादेपर्यंत पोहोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, तर स्वतःच वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये इंटेलच्या कोरांपुढे ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची ओळ असते; तेथे ‘येस’ उमटले आणि त्याच वेळी वेग घसरला, तरच पुढचा विचार करावा.

ही चाचणी शक्यतो भर उन्हाळ्यात दुपारी करावी. कोणताही हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही ढोबळमानाने तेवढाच तापतो. डिसेंबरात पुण्यात ७२ अंश दाखवणारा संगणक मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेलेल्या नागपुरात, तसाच वागेल अशी अपेक्षा धरू नये.

आकडे वाईट आले तरी लगेच खरेदीला निघू नये. आधी कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करावी. झाकण काढताच तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कूलरचा नसून कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही हा आहे, आणि तेथे समोरून हवा आत घेणारा १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा महागड्या कूलरपेक्षा जास्त उपयोगी पडतो. माझ्या भाच्याचा संगणक दर अर्ध्या तासाने रखडत असे आणि तो नव्या कूलरसाठी हट्ट धरून बसला होता. प्रत्यक्षात कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले होते. ते बाहेर काढल्यावर कूलरचा विषय आपोआप मिटला.

झाकण काढून फरक पडला नाही, तर हीटसिंककडे पाहावे. दोन-तीन वर्षांत पंख्याखाली धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, तो वरून दिसत नाही. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून मऊ ब्रशने तो काढावा. इंटेलच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात आणि त्यांतली एक जरी अर्धवट बसली, तरी कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो आणि तापमान काही सेकंदांत शंभरीला भिडते. मदरबोर्डच्या (प्रोसेसर बसतो त्या मुख्य बोर्डाच्या) मागून पाहिल्यास चारही पिनांची टोके सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. बसवताना त्या कर्णरेषेत समोरासमोर, जोडीने दाबाव्यात.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. काही मदरबोर्ड इंटेल प्रोसेसरवरची वॅटची मर्यादा मुळातच सैल सोडतात. कोअर आय७-१२७००चा मूळ आकडा ६५ वॅट असला तरी टर्बोमध्ये, म्हणजे ताण आल्यावरच्या वाढीव वेगात, तो १८० वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि खोक्यातल्या कूलरला ते दीर्घकाळ झेपत नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) मर्यादा खाली आणली की उष्णता बरीच कमी होते आणि वेगात त्या मानाने थोडीच घट होते. अनेक रायझन प्रोसेसरसाठी ‘इको मोड’ हेच काम करतो.

एवढे सगळे करूनही व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंगसारख्या तासन्‌तास चालणाऱ्या कामात वेग घसरत असेल, तर कूलर निःशंकपणे घ्यावा. आवाज हे दुसरे रास्त कारण आहे: छोट्या पंख्याला तीच उष्णता काढण्यासाठी जास्त वेगाने फिरावे लागते, आणि त्याच खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला किंवा रात्री काम करणाऱ्याला ती घरघर नकोशी होते. गेमचे फ्रेम वाढतील या आशेने मात्र घेऊ नये. वेग मुळात घसरतच नसेल, तर वाढायला काही उरलेले नसते.

मधल्या प्रोसेसरसाठी १२० मिलिमीटरचा एक पंखा आणि चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेला टॉवर पुरतो. पाण्याच्या कूलरच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे: त्याचा पंप कधीतरी बंद पडतो आणि तेव्हा बहुधा अख्खा कूलरच बदलावा लागतो, टॉवरचा पंखा गेला तर नुसता पंखा बदलता येतो. खरेदीपूर्वी कॅबिनेटची कूलरच्या उंचीची मर्यादा तपासावी, कारण असे टॉवर सहसा १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचे झाकण मग लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीत जुना कूलर मिळत असेल तर तो कोणत्या सॉकेटसाठी, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या कोणत्या बैठकीसाठी आहे, हेही विचारावे: २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० सॉकेटच्या भोकांमधले अंतर ७८ मिलिमीटर आहे, त्याआधीच्या एलजीए १२००चे ७५, त्यामुळे नवी पट्टी असल्याशिवाय जुना कूलर तेथे बसत नाही.

रायझन ५ ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटवरचा जुना कूलर काढताना विशेष जपावे. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट वाळल्यावर इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढल्यास प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. म्हणून संगणक दहा मिनिटे कामाला लावून पेस्ट गरम करावी, मग वीज बंद करून स्क्रू सोडवावेत आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सुटा करावा. मदरबोर्डमागची पट्टी दुसऱ्या हाताने धरून ठेवावी, नाहीतर ती खाली गळून पडते. जुनी पेस्ट पुसून मधोमध वाटाण्याएवढा नवा ठिपका ठेवला की पुरे. खोक्यातला कूलर टाकून देऊ नये. पुढे संगणक विकताना गिऱ्हाईक तो आवर्जून मागते.