बारोलो उघडताना या चुका टाळा

बारोलोची पहिली बाटली उघडणारे बरेच जण पेल्यातला रंग पाहूनच खट्टू होतात. इटलीची एवढी नावाजलेली रेड वाइन, आणि रंग फिकट, कडेला विटकरी! बाटली खराब निघाली असे समजून ती परत करायला निघू नये. वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात, लांगेच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या नेब्बिओलो द्राक्षाचा स्वभावच तसा आहे. त्याचा रंग लवकर विटतो, मात्र तुरटपणा आणि आंबटपणा भरपूर असतो. बारोलो केवळ याच द्राक्षापासून करतात. नावातील साधर्म्यामुळे ‘बार्बेरा’ला बारोलोची धाकटी बहीण समजणेही चूकच आहे, कारण ते त्याच प्रांतातले असले तरी वेगळे द्राक्ष आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक घाईची. नियमानुसार बारोलो किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, मुरवावी लागते आणि ‘रिझेर्वा’ या अधिक मुरवलेल्या प्रकारासाठी ही मुदत ६२ महिन्यांची आहे, पण ही मुदत संपली म्हणजे वाइन विकायला मोकळी झाली, पिण्याजोगी झालीच असे नव्हे. कोवळ्या बारोलोच्या दुसऱ्याच घोटाला सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळून येते. ला मोर्रा गावच्या वाइन तुलनेने लवकर निवळतात, तर सेरालुंगा द’आल्बाच्या कणखर वाइनना दहा वर्षेही कमी पडू शकतात. त्यामुळे लेबलावर वर्षाबरोबर गावही पाहावे. तरुण बाटली उघडायचीच असेल, तर ती दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवावी आणि सोबत मंद आचेवर शिजवलेले मटण घ्यावे. झणझणीत रस्सा मात्र नको, कारण तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात.

जुन्या बाटलीला नेमकी उलटी वागणूक लागते. ती आदल्या दिवशीच उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो; मग उजेडासमोर धरून सावकाश ओतावी आणि मानेपाशी गाळाची काळसर रेघ दिसताच थांबावे. हा गाळ निरुपद्रवी असतो. अशी वाइन तासन्‌तास हवेवर ठेवली, तर तिचा नाजूक सुगंध उडून जातो.

‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांतला आहे. मुंबई-पुण्यात मे महिन्यात खोलीचे तापमान ३० अंशांच्या पुढे जाते; बारोलोला १६ ते १८ अंश पुरे होतात, म्हणून पिण्याआधी काही वेळ बाटली फ्रीजमध्ये ठेवण्यात कमीपणा नाही. वर्षानुवर्षे साठवण्यासाठी मात्र माळा किंवा कपाट चालत नाही. उकाड्याने बूच वर सरकलेले दिसले, तर ती बाटली आणखी मुरवण्याच्या फंदात पडू नये.

खरोखर बिघडलेली वाइन नाकाला कळते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर दोष बुचाचा असतो आणि तो हवेवर ठेवूनही जात नाही; तक्रार करायची ती अशा बाटलीची.