गरोदरपणात नाक चोंदलं तर थेंबांआधी मीठपाणी

सहावा महिना लागला आणि माझं नाक बंद झालं. ताप नाही, घसा दुखत नाही, पण रात्री आडवं झालं की दोन्ही नाकपुड्या गच्च. सासूबाई फ्रिजच्या पाण्याला दोष देत राहिल्या. मी भांडुपच्या मेडिकलमधून थेंब आणले. पहिल्या रात्री पाच मिनिटांत नाक सुटलं. दहाव्या दिवशी दर तीन तासांनी बाटली शोधत होते, आणि नाक आधीपेक्षा जास्त चोंदलेलं.

डॉक्टरीणबाईंनी ते आधी बंद करायला लावले. झायलोमेटाझोलिनसारखे नाक मोकळं करणारे थेंब बरेच दिवस टाकले की नाक उलट अधिकच सुजतं. गरोदरपणात तर विचारल्याशिवाय टाकायचेच नाहीत. मुळात ही सर्दी नव्हतीच. या दिवसांत अंगातलं रक्त वाढतं, हार्मोन्स बदलतात, त्यामुळे नाकाचं आतलं अस्तर फुगतं. सर्दी आठवडाभरात जाते. हे सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकतं आणि बाळंत झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं.

मला खरा आराम मीठपाण्याने पडला. एक कप पाणी खळखळून उकळायचं, कोमट होऊ द्यायचं. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी तसंच नाकात घालू नका, हे अगदी कटाक्षाने पाळा. त्यात चहाचा अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करायची, तोंडाने श्वास घ्यायचा आणि स्वच्छ पिचकारीने वरच्या नाकपुडीत हळूहळू सोडायचं. खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. पहिल्यांदा ठसका लागतो. नंतर नाक हळूच शिंकरा, जोर लावला तर रक्त येतं. मी सकाळी आणि झोपताना करायचे.

झोपताना गादीखाली डोक्याच्या बाजूने दोन घडीच्या गोधड्या सरकवल्या आणि डाव्या कुशीवर झोपले. नुसत्या उशा रचल्या की मान दुखते. शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू होतं, म्हणून दिवसा खिडकी बंद, लादी ओल्या फडक्याने, आणि उदबत्ती, मच्छर कॉइल घराबाहेर. वाफ घ्यायची तर पातेलं टेबलावर, मांडीवर कधीच नाही.

एवढ्यानेही भागलं नाही तर स्टिरॉइडचा स्प्रे मिळतो, तो डॉक्टरांनी दिला तरच. ताप, गाल-कपाळ ठणकणं, पिवळा-हिरवा शेंबूड असेल तर लगेच दाखवा. आणि नव्याने घोरायला लागलात तर पुढच्या तपासणीला आवर्जून सांगा. त्याचा संबंध वाढलेल्या बीपीशी असू शकतो, म्हणून माझ्या डॉक्टरीणबाईंनी ते ऐकताच आधी बीपी मोजलं होतं.