दुसरी ट्रॉली जोडल्यावर डिझेल किती वाढतं? घरच्या घरी मोजायची रीत

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या निपाणी-चिकोडी भागात चहाच्या टपरीवर एक वाद ठरलेला: ट्रॅक्टरमागे दुसरी ट्रॉली जोडणं परवडतं का? एक म्हणतो डिझेल दुप्पट जातं, दुसरा म्हणतो काही फरक पडत नाही. दोघांनीही कधी मोजलेलं नसतं. मी सात-आठ हंगाम मोजतोय.

हवा, ऑइल, फिल्टर, हुकाची पिन हे सगळं तुम्ही बघितलंच असेल, असं धरून चालतो.

रस्ता एकच ठेवा, ड्रायव्हर एकच ठेवा. मोजणीच्या खेपांत ट्रॅक्टर फडात घालू नका, भरलेली ट्रॉली डांबरीवरच जोडा. फडातल्या मऊ मातीत चाक रुतलं की ओढायचा जोर डांबरीच्या चार-पाच पट लागतो. ते डिझेल यात मिसळलं तर कशाचा काही पत्ता लागत नाही. एका ट्रॉलीच्या तीन खेपा आणि दोन ट्रॉल्यांच्या तीन खेपा करा. प्रत्येक वेळी तिन्ही खेपा एकाच टाकीवर झाल्या पाहिजेत, मधे डिझेल घालायचं नाही.

आता टाकी भरणं. सगळी गोम इथंच आहे.

‘पंपावर टाकी फुल करा, खेप मारा, परत फुल करा, झालं’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मीही पहिल्या वर्षी तसंच केलं. हिशेबात साडेतीन लिटर जादा गेलं आणि मी ड्रायव्हरवर संशय घेतला. तो एवढंच म्हणाला, “मालक, काल ट्रॅक्टर उतारावर उभा होता, टाकी भरलीच नव्हती.” जाऊन बघितलं तर खरंच. त्या पंपाची फरशी एका बाजूला उतरती होती. ट्रॅक्टरची टाकी रुंद आणि पसरट असते. ती जरा कलली की वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि तोंडाशी डिझेल दिसतं. वर डिझेलला फेस येतो, त्या फेसानंच नोझल खटकन बंद होतं, आणि पंपावरचा पोरगा म्हणतो फुल झाली. त्या साडेतीन लिटरपायी चांगला माणूस हंगामभर माझ्याशी धड बोलला नाही. तुम्ही ही चूक करू नका.

माझी रीत अशी. घरच्या अंगणात जिथं फरशी सपाट आहे तिथं चारही चाकांच्या खुणा रंगानं करून ठेवल्यात. ट्रॅक्टर दर वेळी त्याच खुणांवर उभा राहतो. डिझेल कॅननं आणतो आणि पाच लिटरच्या मापानं ओततो. टाकीच्या तोंडातल्या गाळणीच्या एका ठरलेल्या कड्यापर्यंत भरतो, दहा मिनिटं थांबतो, फेस बसला की परत त्याच कड्यापर्यंत आणतो. हे सगळं पहाटेच, दोन्ही वेळा. ऊन लागलं की डिझेल फुगतं. ५० लिटरला १५ अंशांचा फरक पडला तर अर्ध्या लिटरहून जास्त इकडंतिकडं होतं. सीमेपलीकडे कधी रुपया-दोन रुपये स्वस्त मिळालं की तिकडे पळणारे आपल्यात कमी नाहीत. खुशाल जा, पण मोजणीच्या आठवड्यात एकाच पंपावरून आणा.

वजन कारखान्याच्या काटा-पावतीवर मिळतंच. निव्वळ वजन, म्हणजे फक्त उसाचं, धरा.

आता हिशेब. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे ॲव्हरेज मोटारसायकलला ठीक आहे, ऊस वाहतुकीला नाही. इथं टनाला किती लिटर लागलं ते काढा. समजा कारखाना २० किलोमीटरवर आहे. एका ट्रॉलीत ९ टन गेला आणि जाऊन-येऊन ९ लिटर लागलं, म्हणजे टनाला १ लिटर. दोन ट्रॉल्यांत १८ टन गेला आणि १५ लिटर लागलं. ॲव्हरेज ४.४ वरून २.७ वर आलं म्हणून माणूस घाबरतो, पण टनाला ०.८३ लिटरच पडलं. कारण सोपं आहे: ट्रॅक्टरचं स्वतःचं दोन-सव्वादोन टन वजन दोन्ही वेळा तेवढंच ओढावं लागतं, ते आता जास्त उसावर वाटलं गेलं.

वाऱ्याचा विचार करू नका. ८०-९०च्या वेगानं गाडीमागे गाडी ओढणाऱ्यांना हवेचा विरोध खातो, कारण वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. आपण १५-२०नं जातो. ‘ताडपत्री आवळून बांधा, डिझेल वाचेल’ असं सांगणाऱ्याला हात जोडा. इथं वजन, चाकातली हवा आणि चढ एवढंच चालतं.

त्यातही चढ. सपाट डांबरीवर भरलेल्या दोन ट्रॉल्यांची २४ टनांची जोडी ओढायला साधारण ५०० किलोचा जोर पुरतो. वीसला एक, म्हणजे वीस मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर, असा चढ आला की त्यावर आणखी १२०० किलो. म्हणून निपाणीकडून संकेश्वरला तवंदी घाटातून ऊस नेणाऱ्यानं सपाटीवरच्या माणसाचे आकडे घेऊन भांडू नये. घाट असेल तर घाटासकट मोजा.

आणि उतारावर न्यूट्रल? अजिबात नाही. गिअरमध्ये असताना उतार इंजिनाला ढकलतो, तेव्हा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा भाग, डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, उलट मागच्या दोन ट्रॉल्या अंगावर येतात.

कारखान्याच्या रांगेत नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवलं तर तासाला पाऊण-एक लिटर जातं. चार तास थांबलात तर दुसऱ्या ट्रॉलीनं वाचवलेलं तिथंच गेलं. बंद करा. बॅटरी उतरली आहे, परत सुरू होणार नाही, म्हणून चालू ठेवत असाल तर आधी बॅटरी बदला, मग मोजायला बसा.