फ्रँचायझी घेताय? मग नॉन-कॉम्पिटच्या या चुका टाळा

वडापाव, बर्गर, मोमोज, कशाचीही फ्रँचायझी घ्या, ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा नॉन-कॉम्पिटचं एक कलम असतंच की करार चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन वर्षं तुम्ही तसलाच दुसरा धंदा करायचा नाही. लोक करार संपल्यानंतरच्या भागाला घाबरतात आणि चालू असतानाचा भाग वाचतच नाहीत. खरं तर उलटं पाहिजे.

करार कायदा १८७२ चा, त्यातलं कलम २७ म्हणतं की कुणाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची केस आठवतेय का, त्याची जुनी मॅनेजमेंट कंपनी म्हणत होती की करार संपला तरी दुसरीकडे सही करायच्या आधी आम्हाला विचार, पण २००६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करार संपल्यावर असलं बंधन चालत नाही, वाजवी आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे 'तीन वर्षं तव्याला हात लावायचा नाही' असा फोन आला तर लगेच शटर ओढू नका, आधी वकिलाला कागद दाखवा.

आता खरी चूक. ब्रँडच्या किचनमधूनच संध्याकाळी दुसऱ्या नावाने स्विगी-झोमॅटोवर स्वतःचे रोल्स चालू करायचे, भाडं तेच, पोरं तीच, कोणाला कळतंय! कळतं हो. आणि करार चालू असतानाचं बंधन कोर्ट मानतं, १९९५ साली गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय, म्हणजे करार जिवंत असताना दुसऱ्याचा माल करायचा नाही हे बंधन धंद्याला अडथळा धरला जात नाही. बायकोच्या नावावर केलं तरी सुटका नाही, कलमात बरेचदा घरचे आणि पार्टनर पण घातलेले असतात.

दुसरी चूक म्हणजे कलम रद्दबातल म्हणून सगळंच मोकळं समजणं. बोर्डाचा रंग तोच, मेन्यू तसाच, नावात एक अक्षर इकडचं तिकडे, मग ट्रेडमार्कची नोटीस येणारच आणि तिथे कलम २७ कामाला येत नाही. कंपनीची मसाल्याची गुपित रेसिपी वापरलीत तरी तेच. आणि गाळ्याचं लीज कंपनीच्या नावावर असेल तर वाद घालायला जागाच उरत नाही.

अजून एक, कंपनीलाच आउटलेट परत विकताना कागदावर 'गुडविलसह', म्हणजे धंद्याचं नाव-पत आणि गिऱ्हाईक धरून, असं लिहिलंय का बघा, कारण कलम २७ चा अपवाद नेमका तोच आहे, गुडविल विकणाऱ्यावर वाजवी हद्दीचं बंधन टिकतं. घाईत चेक बघून सही करणारे इथे फसतात.

अमेरिकेत तर जिमी जॉन्सने सँडविच बनवणाऱ्या पोरांकडून पण असल्या सह्या घेतल्या होत्या, २०१६ मध्ये इलिनॉय राज्याने केस टाकल्यावर सोडून दिलं. आपल्याकडे घोडं जास्त करून डिपॉझिटवर अडतं, 'नियम मोडला' म्हणून कापून घेतात, आणि भांडायचं तर लवाद (कोर्टाबाहेर वाद सोडवायची सोय) दिल्लीत नाहीतर बंगळुरूत. म्हणून सही करायच्या आधीच 'तसलाच धंदा' म्हणजे नक्की काय ते लिहून घ्या, फक्त बर्गर की सगळंच खाणं, आणि डिपॉझिट किती दिवसात परत, ती तारीख पण.